पत्र्याखालचा रोल उरला? कोणता माल ठेवण्याच्या लायकीचा, कोणता नाही

मराठवाड्यात पत्र्याखाली लावायचा उष्णतारोधक माल हमखास उरतो. हिशेब बघा. खोली १० बाय २० फुटांची, आणि रोल १.२ मीटर रुंद, ३० मीटर लांब. म्हणजे ३६ चौरस मीटर, साधारण ३८७ चौरस फूट. उतार आणि जोडावरचा जोड धरून खोलीला २२० चौरस फूट लागले, तरी १३ मीटरचा तुकडा हातात राहतो. दुकानदार रोल कापून देत नाही आणि कापलेला परत घेत नाही. मग तो तुकडा पोटमाळ्यावर चढतो. दोन उन्हाळ्यांनी शेजारच्या खोलीवर पत्रे पडले की खाली उतरतो. तेव्हा त्यात दम उरलाय का, हे मालाची जात आणि ठेवण्याची जागा या दोन गोष्टींवर ठरतं.

संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंतच्या दुकानांत घरगुती कामासाठी पाच गोष्टी मिळतात: बबल शीट (हवेचे बुडबुडे असलेलं चंदेरी प्लास्टिक), एक्सएलपीई फोम (पॉलिथिनचा मऊ फोम), ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर), थर्माकोल आणि फटी बुजवायचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा डबा. लावल्यावर खोली किती गार होते, यावर सगळेच बोलतात. इथे एकच कसोटी लावली आहे: उरलेला माल दीड-दोन वर्षं ठेवला तर नव्याच्या बरोबरीने चालतो का, आणि नसेल तर नेमकं काय बिघडतं.

आधी जागेबद्दल, कारण चांगला मालही चुकीच्या जागेत वाया जातो.

या सगळ्या वस्तूंमध्ये खरं काम करते ती कोंडलेली हवा. धागे, दाणे, बुडबुडे हे नुसते तिला अडवून धरणारे कप्पे. स्थिर हवेतून उष्णता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन इतक्या संथपणे जाते, पाण्यातून ०.६ च्या आसपास, म्हणजे तेवीस पट वेगाने. कप्प्यात हवेच्या जागी पाणी शिरलं की माल दिसायला तोच, कामाला शून्य. कप्पे दाबले गेले तर हवाच उरत नाही. चंदेरी बाजू असलेल्या मालाचं गणित थोडं वेगळं. स्वच्छ ॲल्युमिनियम त्याच्यावर पडलेल्या उष्णतेच्या किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या पुढे परत फेकतं, पण त्यावर धूळ बसली की तीच धूळ उष्णता शोषायला लागते. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वावटळीत उघडा ठेवलेला रोल पंधरा दिवसांत पिवळट दिसायला लागतो, तो याच कामातून जातो.

म्हणून पत्र्याखालचा पोटमाळा ही सगळ्यांत वाईट जागा. मे महिन्यात दुपारी पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो. त्याच्या हातभर खाली ठेवलेला चिकट टेप पाझरतो, बबल शीटचं प्लास्टिक कडक होतं, पीयू फोमचा डबा तर धोक्याच्या रेषेवर जातो. डिसेंबरात उलटं होतं. पहाटे पत्रा गार पडून खालून त्याला घाम सुटतो आणि तो थेंब-थेंब खालच्या सामानावर गळतो. ग्लासवूल भिजायला पाऊस लागतोच असं नाही.

रानातलं शेड हा दुसरा आवडता पर्याय, आणि तोही फसवा. तिथे शेजारी युरिया-डीएपीची पोती असतात. खत हवेतला ओलावा ओढून घेतं, पोत्याखाली कायम दमटपणा राहतो, आणि खताचं पाणी ॲल्युमिनियमला खातं. फवारणीच्या औषधांत ज्या बाटल्यांवर ‘ईसी’ लिहिलेलं असतं, त्यांतला द्रावक थर्माकोल विरघळवतो. एक गळकी बाटली थर्माकोलवर आडवी पडली तर सकाळी तिथे खड्डा असतो. घरातली इन्व्हर्टरची बॅटरीही लांब ठेवा. तिच्या आम्लाच्या वाफेने चंदेरी बाजूवर डाग पडतात.

सिमेंटचं तर आवर्जून सांगायला हवं, कारण बांधकाम सुरू असलेल्या घरात रोल नेमका सिमेंटच्या गोण्यांवरच टेकवलेला असतो. ओलं सिमेंट आणि ओला चुना दोन्ही ॲल्युमिनियमला गंजवतात. चुन्याने रंगवलेल्या भिंतीला रोल टेकला आणि पावसाळ्यात भिंत ओलसर झाली, तर टेकलेल्या पट्ट्यावर आधी राखाडी ठिपके येतात, मग टाचणीएवढी छिद्रं. ती पुसून जात नाहीत.

चांगली जागा म्हणजे स्लॅबच्या घरातली उत्तरेकडची खोली. गावात अजून माळवद उभं असेल तर त्याखालची खोली त्याहून सरस. फूट-दीड फूट मातीच्या थराखाली दिवस-रात्रीचा फरक फार जाणवतच नाही. (३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जड माळवदाची धास्ती बसली आणि लातूर-धाराशिवकडे घरोघरी पत्रे आले. या मालाची गरज तिथूनच वाढली, हेही खरं.) फक्त ते माळवद गळकं नसावं.

जमिनीवर थेट काही ठेवू नका. शहाबादी फरशी पावसाळ्यात खालून ओल सोडते. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन कागदाचा उरलेला तुकडा खाली अंथरा. यासाठी त्याच्यासारखी वस्तू नाही. त्यावर चार विटा, विटांवर फळ्या, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. हे अंतर उंदरांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे: मागे लेंड्या दिसतात, वाळवीची मातीची रेघ दिसते, आणि बॅटरी मारून बघता येतं.

एक्सएलपीई फोम: ठेवायला सगळ्यांत भरवशाचा

पाचांत पहिला नंबर याचा. हा बंद पेशींचा फोम आहे, म्हणजे प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र. वळवाच्या सरीत भिजला तरी पाणी वरच्यावर राहतं. पुसला, सावलीत वाळवला की झालं. उंदीर कुरतडतात, पण ग्लासवूलमध्ये करतात तसं घर करत नाहीत. १० मिलिमीटर जाडीचा रोल नीट ठेवला तर दोन वर्षांनी तो बिनधास्त वापरता येतो.

त्याला वजन मात्र सोसत नाही. रोल आडवा ठेवून त्यावर सोयाबीनचं कट्टं टाकलं, तर सहा महिन्यांनी १० मिलिमीटरचा ६-७ झालेला असतो आणि दाबलेल्या पेशी पूर्ण फुगत नाहीत. रोल नेहमी उभा, गुंडाळी सैल, दोन ठिकाणी रुंद कापडी पट्टीने बांधलेला. सुतळीने आवळू नका. सुतळी रुतते तिथे कायमची घडी पडते.

चिकट पाठ असलेल्या प्रकाराला वेगळी वागणूक लागते. मागचा मेणकट कागद दमट हवेत वळतो, कडेला सुटतो आणि तिथे धूळ चिकटते. असा उरलेला तुकडा वर्षाच्या आत लावून टाका. नंतर लावलाच तर गोंदावर विसंबू नका, खालून जाळी किंवा तार द्या. भर उन्हाळ्यात जुना गोंद तापल्या पत्र्यावरून सुटतो आणि अख्खा पट्टा डोक्यावर येतो.

घेताना एक खात्री करून घ्या, तीच पुढे साठवणुकीला उपयोगी पडते. चंदेरी बाजू दोन प्रकारची असते: खरा ॲल्युमिनियमचा पापुद्रा, किंवा प्लास्टिकवर दिलेला धातूचा नुसता मुलामा. कोपरा दुमडून नखाने दाबा. खरा पापुद्रा घडी धरून ठेवतो, मुलाम्याचं प्लास्टिक उसळून सरळ होतं. सुटा कोपरा मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला तर मुलाम्यातून अंधुक उजेड पलीकडे दिसतो. मुलाम्याचा माल दमट जागी कडेकडून पारदर्शक होत जातो. तो साठवायच्या भानगडीत पडू नका.

बबल शीट: स्वस्त, पण एका हंगामाची

४ मिलिमीटरची बबल शीट सगळ्यांत जास्त खपते आणि सगळ्यांत जास्त उरते. तिच्यातल्या हवेचा वाटा फार थोडा. तिची सगळी मदार चंदेरी बाजूवर आणि त्या बाजूसमोर किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळी हवा सोडण्यावर. पत्र्याला चिकटवून लावली तर वरची चमक फुकट. ‘ही ५० मिलिमीटर ग्लासवूलच्या बरोबरीची’ असं काउंटरवर सांगतात, तेव्हा ही मोकळी हवा हिशेबात धरलेली असते, आणि ती सोडा म्हणून मात्र कोणी सांगत नाही.

साठवताना तीन गोष्टी बिघडतात. बुडबुडे फुटतात, चमक धुळीने जाते, आणि ऊन लागलं तर प्लास्टिक ठिसूळ होतं. ऊन सगळ्यांत वाईट. गच्चीवर दोन महिने उघडा पडलेला रोल उलगडताना कडकड आवाज करतो आणि घडीवर चिरतो. तो वापरण्यात अर्थ नाही.

ठेवायचाच तर चमक आतल्या बाजूला घेऊन गुंडाळा, दोन्ही तोंडांना जुन्या बेडशीटचं कापड बांधा आणि रोल उभा करा. धूळ बसली तर कोरड्या मऊ फडक्याने टिपा. सोडा किंवा कपड्यांची पावडर लावू नका. ती अल्कधर्मी असल्यामुळे ॲल्युमिनियम काळवंडतं. दोन्ही बाजू चंदेरी असतील तर बाहेरची खराब झाली तरी आतली कामाची राहते, लावताना तिला मोकळ्या हवेकडे वळवा. इतका व्याप करण्याजोगी ही वस्तू आहे का? १० मीटरच्या आतला तुकडा असेल तर नाही. तो पाण्याच्या टाकीभोवती किंवा पश्चिमेच्या दारामागे याच उन्हाळ्यात लावून मोकळे व्हा.

ग्लासवूल: कामाला राजा, ठेवायला नाजूक

५० मिलिमीटर ग्लासवूलची उष्णता अडवण्याची ताकद या यादीत सगळ्यांत जास्त, आणि आगीला घाबरत नाही. साठवणुकीत मात्र सगळ्यांत जास्त नुकसान याचंच होतं, म्हणून थोडं सविस्तर.

कारखान्यातून येताना रोल पिशवीत दाबून भरलेला असतो. उघडला की फुगून पूर्ण जाडीला येतो. उरलेला भाग परत त्याच पिशवीत कोंबून वरून दोरीने आवळला आणि वर्षभर ठेवला, तर तो पुन्हा पूर्ण फुगत नाही. धागे एकमेकांना धरून ठेवणारा राळेचा चिकटा मोडतो. ५० चा ३५ मिलिमीटर झाला तर हिशेब असा: उष्णता अडवण्याची ताकद म्हणजे मीटरमधली जाडी भागिले उष्णतेची वहनक्षमता, म्हणजे ०.०५० भागिले ०.०३६, उत्तर १.३९. दाबल्यावर ०.०३५ भागिले ०.०३४, उत्तर १.०३. दाबल्याने वहनक्षमता किंचित सुधारते, पण जाडीच गेल्यामुळे पाव हिस्सा ताकद उडते. म्हणून उरलेला रोल सैल ठेवा, मूळ पिशवीपेक्षा मोठ्या पिशवीत.

पाणी हा दुसरा शत्रू. ग्लासवूल पाणी स्पंजासारखं ओढतं आणि वजनाने खाली बसतं. ज्याला एका बाजूला फॉइल आहे त्याची एकच बाजू सुकते, आतला ओलावा आठवडाभर हलत नाही. काचेला बुरशी लागत नाही, पण त्यातल्या धुळीला आणि मागच्या तपकिरी कागदाला लागते. त्या कागदाला वाळवीही लागते. हात लावून ‘कोरडं वाटतंय’ यावर जाऊ नका, वजन करा. २४ डेन्सिटीचं (म्हणजे घनमीटरला २४ किलो), बिनफॉइलचं, ५० मिलिमीटर जाडीचं एक चौरस मीटर ग्लासवूल १.२ किलो भरायला हवं. तराजूने दीड किलो दाखवलं तर त्यात ३०० ग्रॅम पाणी आहे.

हा माल पॅक करताना एक चूक सर्रास होते. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, रोल प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करतात. दमट हवा आत कोंडते, रात्री गारवा आला की पिशवीच्या आतल्या अंगाला थेंब धरतात. बांधायचं असेल तर मार्चच्या कोरड्या दुपारी. पावसाळ्यात उरला तर आधी दोन दिवस पंख्याखाली सैल पसरून ठेवा, मग २०० मायक्रॉनच्या जाड प्लास्टिकमध्ये घाला आणि तोंड दुमडून चिमट्याने धरा. उघडलेल्या ग्लासवूलला नुसती ताडपत्री पुरत नाही. तिच्या टाक्यांतून आणि खिळ्याच्या भोकांतून पाणी येतं. मल्चिंग पेपर २५-३० मायक्रॉनचा, तो पहिल्याच ओढाताणीत फाटतो.

उंदीर. थंडीत उंदरीण पिल्लं घालायला जागा शोधते आणि ग्लासवूलइतकी ऊबदार गादी तिला घरात दुसरी मिळत नाही. थोडकाच माल असेल तर रिकामी पत्र्याची कोठी किंवा जुनी ट्रंक उत्तम. पण ज्या कोठीत ग्लासवूल ठेवलं तिच्यात पुन्हा ज्वारी भरू नका, काचेचे बारीक धागे कोपऱ्यात राहतात आणि झाडून जात नाहीत. धान्याच्या खोलीत हा माल कापायचाही नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. खाज सुटली तर न चोळता गार पाण्याने धुवा. चोळलं की धागे आणखी आत रुततात.

आमचं मत: मूळ पिशवी न उघडलेला रोल असेल तर जरूर ठेवा, वर्षभराच्या आत वापरा. अर्धा उघडलेला असेल आणि कोरडी खोली नसेल, तर आहे त्याच छतावर दुसरा थर म्हणून सैल पसरा. फॉइलचा तुकडा असेल तर दुसऱ्या थराचं फॉइल काढून टाका, नाहीतर दोन फॉइलच्या मध्ये ओलावा अडकतो.

थर्माकोल

१ मीटर बाय अर्ध्या मीटरच्या पाट्या, त्यामुळे उरतात थोड्या आणि रचायला सोप्या. ओलाव्याची फार भीती नाही. पाट्या सपाट रचा, उभ्या टेकवू नका. टेकवलेली पाटी उन्हाळ्यात बाक धरते आणि मग सिलिंगच्या चौकटीत बसत नाही. सगळ्यात वर एक प्लायवूडचा तुकडा, त्यावर काही नाही. उघड्या उन्हात काही आठवड्यांत वरचा थर पिवळा पडून भुकटी सुटते. ती घासून काढली तर खालची पाटी चालते.

थिनर, पेट्रोल, रबरी चिकटा यांच्यापासून लांब. डांबरगोळ्या तर थर्माकोलच्या पाट्यांमध्ये टाकूच नका, गोळी टेकते तिथे खळगा पडतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: थर्माकोलवर वायरिंगच्या उरलेल्या पीव्हीसी वायरची गुंडाळी ठेवू नका. वायरीच्या आवरणातला मऊपणा देणारा घटक थर्माकोलमध्ये उतरतो. थर्माकोल विरघळतं, आणि वायर कडक होऊन वाकवताना तडकते. नुकसान दोन्हीकडे.

मुंग्या आणि वाळवी थर्माकोल पचवत नाहीत, पण त्यातून बोगदे काढतात. दर दोन महिन्यांनी गठ्ठ्याची बाजू बघा. खाली पांढरी भुकटी दिसली की गठ्ठा उलगडा. आणि चूल, देवघर, कापसाची खोली यांच्या जवळपास नको. हा माल वितळत जळतो आणि जळते थेंब खाली टाकतो.

जुन्या पाट्या विकत घेताना वजनाची तीच युक्ती: १५ डेन्सिटीची ५० मिलिमीटर पाटी ३७५ ग्रॅम भरते. दुकानात १५ सांगून २५०-२८० ग्रॅमची पाटी दिली जात असेल, तर ती साठवणुकीतही लवकर चेपते. थर्माकोलसाठी आयएस ४६७१ हे मानक आहे, ग्लासवूलसाठी आयएस ८१८३. पॅकिंगवर ते छापलेलं बघून घ्या.

पीयू फोमचा डबा आणि टेप

नळीवाला डबा एकदा वापरला की संपला असं समजा. हवेतल्या ओलाव्यानेच हा फोम घट्ट होतो, त्यामुळे नळी आणि झडप दोन-चार दिवसांत चोंदते. गनवाला डबा गनवरच बसवून, गनचा स्क्रू बंद करून, उभा ठेवला तर महिनाभर चालतो. डबा काढलात तर गन लगेच क्लीनरने धुवा, नाहीतर गनही गेली. डबा आडवा ठेवू नका, झडप आतून चिकटते. या डब्यांना ५ ते २५ अंशांची साठवण सांगितलेली असते आणि ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. मराठवाड्यातला मे बघता न उघडलेला डबाही एप्रिलच्या आत वापरून टाकणं शहाणपणाचं.

ॲल्युमिनियम टेप झिपच्या पिशवीत, आडवा, गार जागी. कडेला धूळ चिकटली की पुढचा वेढा सरळ सुटत नाही, पापुद्रा उभा फाटत जातो.

पॅक करताना प्रत्येक गठ्ठ्यावर मार्करने मालाचं नाव, जाडी, डेन्सिटी, महिना-वर्ष आणि कोणती बाजू वर ते लिहा. दसऱ्याच्या साफसफाईत गठ्ठे एकदा उघडा. पाऊस संपलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, दोन दिवस सावलीत मोकळं ठेवलं की पावसाळ्याचा दमटपणा निघून जातो. पुन्हा वापरायच्या आदल्या दिवशी रोल उलगडून सपाट ठेवा. ग्लासवूलला २४ तास द्या, मग विणकामाची सुई टोचून पाच ठिकाणी जाडी मोजा. ५० च्या जागी ४५ च्या वर भरली तर लावा. त्याखाली असेल तर दोन थर करा, आणि ते करूनही पत्रा-सिलिंगमधल्या जागेत दाबून बसवावं लागत असेल तर एकच थर ठेवा.